झाडाखाली

वारेनाच्या पुढे, पाइनच्या जंगलात
माझ्या आत्याची एक जागा होती.
चाळीस वर्षं तिनं कुणाला
ताकास तूर लागू दिली नाही.
पहाटे टोपली घेऊन निघायची
ती आधी दफनभूमीकडे,
मग शेजारचा ब्रोन्युस खिडकीतून हटला
की उलटी वळायची.
कुणी विचारलंच, दोमित्सेले, कुठं मिळतात गं एवढ्या,
तर म्हणायची, जंगलात. झाडाखाली.

ऑगस्टात मी विल्न्यूसहून गेलो.
तिनं मला नेलं, पहिल्यांदाच,
आणि मी फोटो काढला:
गुडघे टेकून बसलेली ती, शेवाळात चाकू,
पिवळ्याधमक अळंब्यांची टोपली,
मागं नुसती खोडं, कुठलीही असू शकतील अशी.
चुलतभाऊ म्हणाला, छापून भिंतीवर लावतो,
मूळ फाइल पाठव.
पाठवली. त्यानं आणखी दोघांना.
रविवारी जंगलाच्या तोंडाशी तीन गाड्या,
एक तर थेट पोलंडची,
प्लास्टिकच्या बादल्या,
आणि शेवाळ असं उकरलेलं
की रानडुकरांनीही लाजावं.

आत्या ओरडली नाही. ओरडली असती तर बरं.
चष्मा वर-खाली करत म्हणाली,
पण यात कुठं लिहिलंय?
मी बोटानं फोटो वर सरकवला.
खाली आकडे. चोपन्न अंश, मग दशांश,
दशांशानंतर पाच-सहा घरं,
म्हणजे जवळजवळ तिच्या गुडघ्यापर्यंत.

त्या रात्री स्वयंपाकघरात बसून
मी माझाच फोन धुंडाळला.
कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं.
मग बघत गेलो, आणखी कुणाकुणाला सांगत फिरतोय मी:
हवामानाला, टॉर्चला, राईच्या पावावर सूट देणाऱ्या दुकानाला,
पत्त्यांच्या एका खेळाला, जो मी दोनदा खेळलो.
आणि एक जुनी नोंद:
मार्चमधल्या सव्वीस संध्याकाळी
एकाच रस्त्यावर, एकाच इमारतीसमोर,
नऊ मिनिटं, अकरा मिनिटं, एकदा चाळीस.
हे मी कुणालाच बोललो नव्हतो.
रुगिलेला तर नाहीच,
जी तिथं तिसऱ्या मजल्यावर राहते.
पुसून टाकली. पुसली गेली असेल
असं धरून चालतो.

आत्याचाही फोन आहे, आम्हीच दिलेला,
पडली-बिडली तर म्हणून.
त्यातलं ‘नेमकं ठिकाण’ बंद केलं तसा
नकाशावरचा तिचा निळा ठिपका सैल पडला,
पसरून फिकट वर्तुळ झाला,
गाव, तळं, अर्धं जंगल पोटात घेऊन.
ती हसली. अस्सं सांगावं माणसानं, म्हणाली.
मी म्हटलं, टॉवरला तरीही कळतं.
तर तिनं फोन उचलून पावाच्या डब्यात टाकला
आणि झाकण लावलं.
तेव्हापासून रोज सकाळी तो तिथंच.
कुणी शोधलंच, तर आत्या दिवसभर
पावाच्या डब्यात आहे.

नवी जागा सापडलीय तिला. मलाही सांगत नाही.
वय अठ्ठ्याहत्तर. मी भांडलो, कडेकपारीला
पडलीस तर शोधायचं कुठं?
शिवणयंत्राच्या खणातून तिनं लिफाफा काढला,
मेणबत्तीचं मेण टाकून बंद केलेला,
वर पेन्सिलीनं: अंधार पडल्यावर.
आत हातानं काढलेला नकाशा असणार.
दफनभूमीपासून सुरू होणारा
की तिथून उलटा, कोण जाणे.

काल दिवस लवकर मावळला. सप्टेंबरच तो.
मी खणापाशी उभा, हातात लिफाफा,
मेणावर तिच्या अंगठ्याचा ठसा.
दोनदा नख लावलं, दोनदा काढलं.
मग फाटक वाजलं.
बूट आपटून तिनं माती झाडली.
कुठं होतीस, मी विचारलं, आणि विचारतानाच
जीभ चावली.
टोपली टेबलावर ठेवत, माझ्याकडे न बघता
ती म्हणाली, जंगलात.