सारस मोजायला आलेल्या बाईंना, जेवणाबद्दल

तुम्ही विचारलं, इकडे जेवायचं कुठं.
मी लाइनमन. नऊ गावं, एकेचाळीस डीपी.
कोणत्या खांबाखाली कोणाची चूल
एवढं सांगू शकतो.

एसटी उतरवते त्या फाट्यावर हॉटेल आहे.
पाटी मोठी, कढई तिच्याहून मोठी,
तेल मात्र गेल्या मंडईचं.
चहा घ्या फक्त. तर्री मागू नका,
तर्री नागपूरकडची,
इथं तिची नक्कल मिळते, लाल आणि रागावलेली.

शिंगाड्यांना तुम्ही लवकर आल्या,
ते कार्तिकात.
पण मोहटोल्याचा दुर्वास मारबते
वाळवलेल्याचं पीठ ठेवतो डब्यात,
पहाटे तळ्याच्या पाळीवर भेटला तर शिरा करून देईल.
भेटला तर. तो पण पक्ष्यासारखाच आहे.
नाहीतर टेंभरं खा, झाडाखालची,
आपोआप पडलेलीच गोड असतात.

वाटेत लग्नाचा मांडव दिसला तर सरळ पंगतीत बसा.
वांग्याची भाजी, भात, बुंदी.
वाढणारा थांबत नाही जी,
हात आडवा धरला तर बोटांवर वाढतो.
विचारलंच कोणी, नवरीकडच्या का नवरदेवाकडच्या,
तर म्हणा, सारसांकडची.

आणि खरं जेवण
पळसबोडीला.
पाटी नाही. खांब नंबर सतरा,
त्याला लागून कुडाची भिंत,
रायवंता वलथरे.
नवरा डोंग्यावर, ती चुलीवर.
जाळ्यात आलं ते पळसाच्या पानावर:
मरळ आली तर मरळ,
झिंगे आले तर झिंगे, कैरी घालून,
वरून सांबार, तुम्ही कोथिंबीर म्हणता ते.
काहीच आलं नाही तर लाखोळीचं वरण,
आणि ते वाढताना ती तोंड चुकवते,
तळ्याचा गुन्हा जसा तिचाच.

हातावर पाणी घालता घालता विचारेल,
कोणाकडून आल्या जी?
तिथं माझं नाव घेऊ नका.

दोन वर्षं झाली. मार्च एंड.
थकबाकीची यादी खिशात होती, मी जेवत असताना पण.
अकराशे चाळीस रुपये.
जेवून उठलो, हात धुतला,
आणि शिडी लावली.

ती काही बोलली नाही.
माझं उष्टं पान उचललं,
गाईपुढं टाकलं,
आणि दारात येऊन उभी राहिली.
तार सोडवताना
बोटांना झिंग्यांचा वास येत होता.

पैसे नंतर मीच भरले.
ती बाजाराला गेली होती तेव्हा
तार जोडली, पावती कुडात खोचून आलो.
पण दिवा काही लागत नाही.
संध्याकाळी त्या पाळीवरून येतो,
नऊ गावं पिवळी होतात एकेक करून
आणि सतरा नंबरला नुसता चुलीचा जाळ.
दर महिन्याला शून्य युनिट.
मीच लिहून नेतो.

मी आता डबा डीपीखाली खातो,
भात, भेदऱ्याची चटणी.
वरून गुणगुण येत राहते, तेवढीच सोबत.

तुम्ही मोजणारी माणसं,
दिसलं तेवढंच लिहिता म्हणून सांगतो.
पळसबोडीहून परत आल्या की
मला दोनच गोष्टी सांगा.
झिंग्यांत कैरी अजून सालीसकट घालते का.
आणि पाणी पिताना मान वर होईल ना,
तेव्हा आढ्याकडे बघा जरा:
होल्डरमध्ये बल्ब आहे,
का नुसताच होल्डर.