पिण्यायोग्य

पहिला घोट थुंकून नेलिदा विचारते,
समुद्र पाजताय का रे आम्हाला?
मोन्तेव्हिदेओच्या जलकेंद्रात क्षार मोजणारा मी
म्हणतो, पाऊस नाही, धरणाचा तळ दिसतोय.
ते खरंच आहे.

मंगळवारी कागद आला,
मर्यादा दुप्पट.
नळाचं तेच पाणी दुपारपर्यंत
पिण्यायोग्य झालं.
सही माझी, निळ्या शाईत.

पाणी कुठे मुरतंय
ते कपाटातल्या, कधी न बांधलेल्या
धरणाच्या नकाशाला ठाऊक.
किल्ली माझ्याकडे नाही.
मागितलीही नाही.

नेलिदा माते-चहाच्या भोपळ्यात पुन्हा आधण ओतते.
दोन महिने एकाच नळाचं मीठ खातोय
ती आणि मी.
त्याला जागायचं तर
मला तोंड उघडावं लागेल.

ती भोपळा पुढे करते.
मी नळी तोंडात धरतो.