उजव्या हाताने

विल्यांदीत फेब्रुवारी. तळ्यावर वीतभर बर्फ.
एंडेल कूस्कच्या स्वयंपाकघरात टेबलभर तारा:
एक स्कॅनर, एक मुका पडलेला माउस,
मासे तोलायचा काटा (त्यालाही यूएसबीचं शेपूट)
आणि मधोमध, घडी घातलेल्या टॉवेलवर,
हेल्यूचं ब्रेल-यंत्र.
चाळीस खळग्यांची पट्टी. टिंबं उठतात, बसतात.

हेल्यू वरच्या मजल्यावर राहते.
पट्टीवर बोट फिरवत वाचते बिलं, औषधांचे कागद,
बहिणीच्या बुद्धिबळातल्या खेळी.
तीन आठवडे झाले, टिंबं अर्ध्यात बसतात
ती बसतातच.
"वाक्य चालू असताना कुणी दार लावून घ्यावं तसं."

प्रणाली सगळ्यांची, म्हणजे दुकानात जाऊन
भांडायची सोय नाही.
माँतेविदेओत कुणी रोसाउरा, मूल झोपलं की
ड्रायव्हर दुरुस्त करते, पंख्याखाली.
तिने कळवलं: शंभरदा घातलं, शंभरदा काढलं,
माझ्याकडे बिघडतच नाही हो.

एंडेलला कोड वाचता येत नाही.
छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात गेली;
घालणं येतं, काढणं येतं.
काकडीच्या बियांच्या पाकिटामागे रेघा.
घातलं, रेघ.
काढलं, रेघ.
सतराव्या रेघेला पडदा काळा.
पुन्हा पहिल्यापासून. या वेळी नवव्या.

लॉगमध्ये एकाच सेकंदात:
गेलं. आलं. गेलं. आलं. गेलं.

तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला,
मग स्वतःच्या हाताकडे.
दोन वर्षं हा हात तो खिशात ठेवून हिंडतोय.
हेल्यूला दिसत नाही,
पण बशीवर वाजणारा कप तिला ऐकू येतो.

लिहिलं: माझा हात थरथरतो. कदाचित त्यामुळे.
खोडलं. लिहिलं. खोडलं.
पाठवलं.

आपण निघताना म्हणतो, येतो.
ऐकणाऱ्याला कळतं, हा चाललाय.
कर्नल बापडं शब्दाला शब्द धरून बसणारं:
गेलेल्याची जागा एकदा आवरली,
तो पुन्हा गेला म्हणून पुन्हा आवरायला गेलं,
आणि रिकाम्यात पाय पडला.

चार ओळींची दुरुस्ती आली:
जरा थांब. खरंच गेलंय का, बघ. मग आवर.
खाली रोसाउराची विनंती:
डाव्या हाताने तपासू नका.

दोनशे रेघा. पाकीट भरलं,
कडेकडेने, आडव्या, शेवटी काकडीच्या चित्रावरसुद्धा.
पडदा उजळ.

एप्रिलमध्ये दुरुस्ती सगळ्यांसाठी खुली झाली.
तिच्या तळाशी एक ओळ, टेबलाशी बसून
हेल्यूने बोटांनी वाचली:
तपासलं एंडेल कूस्क यांनी, उजव्या हाताने.

टिंबं उठलेलीच होती.
तिने बोट तिथेच ठेवलं थोडा वेळ,
मग म्हणाली,
"चहा आज मी ओतते."