आकडा

माझ्या रजिस्टरात नोंद आहे ती अशी :
काळी वायर अकरा फूट, टोकाला तांब्याचा आकडा,
जड इस्त्री एक, मुठीला चिंधी गुंडाळलेली,
लाखेची सीलं दोन, पंचांच्या सह्या दोन.
चोरीला गेलेली वस्तू पिशवीत नाही.
या कलमात ती कधीच नसते.

सोनसाखळी येते, मोबाईल येतात,
एकदा तर बकरी आली होती,
तीन दिवस माझ्या डब्यातल्या पोळ्या खाऊन गेली.
पण वीज कशी जमा करून घ्यायची?
कुठल्या कपाटात, कुठल्या सुतळीनं बांधून?

लालमन कनौजिया, वय बावन्न,
राहणार अँटॉप हिल, धंदा इस्त्रीचा.
त्यानं आकडा टाकला रस्त्याच्या दिव्यावर.
मग कंपनीनं टाकला आकडा, कागदावर :
इतके तास गुणिले इतके दिवस गुणिले दुप्पट दर.
त्याचा तांब्याचा होता, ओढला की निघाला.
हा काही निघेना.

पाच वर्षं तारखा.
एक पंच वारला, दुसरा मस्कतला गेला,
साहेब तीन बदलले, पंखा एकदा.
लालमन मागच्या भिंतीला पाठ न टेकता उभा,
बघायचा फक्त लोकांचे कपडे.
सरकारी वकिलांच्या कोटाची मागची घडी,
पट्टेवाल्याची बाही.
एकदा पुकारा झाला तरी हलला नाही,
समोरच्या बाईंच्या पदराची चुणी पाहत राहिला.

शेवटी शनिवारची लोकअदालत.
मंडपात प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर बिस्किटं.
गुन्हा कबूल आहे का, असं कुणी विचारलंच नाही.
कंपनीचा माणूस म्हणाला एकवीस हजार.
निवृत्त जजसाहेबांनी चष्मा पुसला,
म्हणाले, अहो, त्याच्याकडं बघून बोला.
सोळा.
शेजारच्या टेबलावर एका पिठाच्या गिरणीचं चाललं होतं,
तिकडून कुणीतरी मोठ्यानं हसलं.
साडेबारा, हप्ते तीन, तडजोडीची रक्कम वेगळी.
अंगठा नको, सही येते, असं लालमन म्हणाला,
आणि फार सावकाश, कुठं चुरगळू नये अशी,
सही केली.

पहिल्या हप्त्याच्या नोटा इतक्या सपाट
की कॅशियरनं दोनदा उजेडात धरून पाहिल्या.

तडजोड झाली की कायद्यात माणूस सुटला.
चोर नव्हे, साव नव्हे, निकाली.
हुकूम आला : इस्त्री परत द्यावी, वायर नष्ट करावी.

आला तो माझ्या खिडकीशी.
मी सील फोडलं, सुतळी कापली.
तळ गंजून तांबडा झाला होता.
त्यानं बोट जिभेला लावून
थंड लोखंडाला टेकवलं, सवयीनं,
आणि आवाज आला नाही म्हणून
थोडा वेळ तसाच थांबला.

मी सांगायला हवं होतं.
की मी प्रतीक्षानगरचा, दोन स्टॉप अलीकडचा.
की त्याच खांबाखाली दर रविवारी
माझा मुलगा पिशवी टाकून यायचा :
पाच शर्ट, तीन पँटी, हिचा एक ब्लाऊज.
की या खात्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी
छातीवर जी कडक रेघ होती
ती कुणाच्या मीटरमधून आली, हे मी विचारलं नव्हतं.
धाड पडली तेव्हाही घरात एवढंच बोलणं झालं
की आता कपडे कुठं द्यायचे.

रजिस्टरात सही घेतली.
इस्त्री काखेत धरून तो वळला, परत आला.
मला वाटलं ओळखलं.
म्हणाला, साहेब, कॉलर उलटी मारलीय कुणीतरी.
आतून मारायची असते आधी.

वायर नष्ट करायची आहे.
अकरा फूट, तीही अजून कपाटातच आहे.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचत नाही.