सदर बझार, मोफसल

वडिलांच्या ओळखपत्रावर फिक्या निळ्या शाईत होतं:
सिद्रामप्पा हत्तुरे, मोफसल वार्ताहर.
पत्ता सदर बझार, सोलापूर.

नववीत असताना विचारलं, मोफसल म्हणजे?
म्हणाले, साहेबाचा शब्द. इंग्रजी.
मुंबई सोडून जे उरतं ते.
आणि तार ऑफिसात गेले.
शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून
पायऱ्या चढतानाही विशेषणं खोडत.

साखर पेठेत माग जळाले त्या रात्री
नरसूबाई यन्नमची नवीकोरी बिमं,
चादरीवरचा मानेपर्यंत विणलेला मोर,
उंबऱ्याशी कलंडलेली घागर,
तेलुगूत एकच वाक्य घोकणारा म्हातारा,
सगळं लिहून घेतलं त्यांनी. चार पानं.
तिसऱ्या दिवशी, पान सहा, तळाशी,
'मोफसल' या मथळ्याखाली:
सोलापुरात आग. हानी किरकोळ.
ती ओळ कापून त्यांनी वहीत चिकटवली.
ओळीपेक्षा खळच जास्त लागली.

वही उसवली तेव्हा बेगम पेठेत नेली.
उस्मानसाब बाईंडर शिवता शिवता थांबले, हसले.
"अण्णा, हे कसलं इंग्रजी?
हे आमच्या घरचं पोर, टोपी घालून आलंय."
दाभणाच्या टोकानं पुठ्ठ्यावर
तीन अक्षरं ओढली, उजवीकडून डावीकडे.
"ह्याचा अर्थ तोडणं. सुटं करणं.
पीक तोडायची वेळ, ती फसल.
भांडण तोडलं, की फैसला.
दोघांत तुटलं, ते फासला.
आणि धागा न् धागा सुटा करून सांगितलं, की मुफस्सल.
तुम्ही तपशील म्हणता ना?
त्याचा सख्खा भाऊ."

वडील खळीच्या वासात तसेच उभे.

म्हणजे कधीतरी, कुठल्याशा कचेरीत,
राजधानीला म्हणाले सदर: छाती, पुढची बाजू.
आणि उरलेला सुटा सुटा मुलूख मुफस्सल.
साहेबाच्या कानात एक स्वर इकडचा तिकडे झाला.
सुटं होतं ते बाहेरचं झालं,
बाहेरचं ते मागचं,
मागचं ते पान सहा.
तपशील ज्याच्या नावातच होता
त्याच्यातनं तपशील गेला.

आणि आमचं घर सदर बझारात!
छातीवर राहून बाहेरचे.
त्यानंतर आठवडाभर वडील पंचनाम्याच्या भाषेत बोलले,
सदर आमटी अळणी आहे,
सदर मुलीने दिवा बंद करावा.
आई म्हणाली, सदर इसमास काय झालंय?

इथपर्यंत गोष्ट त्यांच्या बाजूची.

पण मंद्रूपहून म्हाळाप्पा यायचा,
शुक्रवारच्या यष्टीनं, सदऱ्याच्या खिशात
घामानं मऊ झालेले कागद.
विहीर खचली. कुणाची, किती परस,
आत कोण होतं, दोर कुणी धरला,
काठावरचा बैल कसा हलेना.
वडिलांची तांबडी पेन्सिल चालायची.
मंद्रूप येथे विहीर खचली. एक ठार.
म्हाळाप्पा बशीतला चहा संपवून विचारायचा,
"आन् बैलाचं, अण्णा?"
"जागा नाही,"
वडील म्हणायचे. आवाज थेट मुंबईचा.

ते गेल्यावर वही माझ्याकडे आली.
ओळखपत्र तिच्यातच, खूण म्हणून.
तो शब्द आता कुणी वापरत नाही.
दूर दक्षिणेत एखाद्या बसस्थानकाच्या पाटीवर
अजून उभा आहे म्हणतात,
बाहेरगावच्या गाड्या दाखवत.

शेवटची पानं मी उशिरा उघडली.
तारीख नाही. अक्षर थरथरतं,
पण तारेची काटकसर कुठेच नाही:

मंद्रूप. विहीर कोळेकरांची, नऊ परस.
बैल पांढरा, डाव्या शिंगाला भेग.
नाव हरण्या.
अंधार पडेपर्यंत काठाशी उभा होता.
म्हाळाप्पाने बादली पुढे केली,
त्याने पाणी हुंगलं,
प्यायला नाही.