किरकोळ खर्च : तारा चार

गायधनी साहेब म्हणायचे,
आडनावातला 'गा' तेवढा माझ्या वाट्याला आला,
गळा दुसऱ्याच कुणाच्या घरी गेला.

एकतीस वर्षं त्यांनी चित्रं सांभाळली
गोदेच्या काठावर, जिथं भिंतींना
श्रावणापासून दिवाळीपर्यंत ओल.
मी नोंदवही लिहायचे. क्रमांक, माप, स्थिती, शेरा.
शेऱ्यात ते भलतंच सांगत :
'हे जलरंगातलं रामकुंड दिवेलागणीचं आहे,
पूर्वेच्या भिंतीवर बेसूर होईल.'
मी लिहायचे : जागा बदलली.

दमटपणा ओढणारं यंत्र आलं
तेव्हा सगळ्यांना त्याची घरघर नकोशी.
साहेब दुपारभर कान देऊन बसले.
म्हणाले, काळी दोन. जराशी उतरी.
दुसऱ्या दिवशी घरचा तंबोरा आणून
त्या घरघरीला मिळवला.
यंत्र बिघडलं तर फोनवर कारागिराला
'अर्धा सूर खाली आलंय' असं सांगणारे
सरकारी खात्यात ते एकटेच असावेत.

साडेपाचला दालनं बंद.
मग तांबट आळीतले हातोडे थकेपर्यंत
ते गात. चांगलं नाही गात.
वरचा षड्ज नेहमी जिन्यातच राहायचा.
पहारेकरी सुकदेव तेवढ्यात कुलपं तपासायचा,
पुन्हा पुन्हा, तीच कुलपं.

एका वर्षी लेखापरीक्षकानं बोट ठेवलं :
किरकोळ खर्च, तारा चार. कसल्या तारा?
साहेबांनी खालमानेनं लिहून दिलं :
चित्रं टांगण्याच्या.
मी शाई टिपली. दोघंही हसलो नाही.

मग पूर. दुतोंड्या मारुती बुडाला,
पाणी आमच्या तिसऱ्या पायरीवरून आत.
दोनशे अठरा चित्रं माडीवर नेली.
तंबोरा खाली राहिला.
तिसऱ्या दिवशी भोपळा उकललेला, आत गाळ.
मी वही उघडली, शेरा काय लिहू?
बराच वेळ बोलले नाहीत.
'नोंद नको. तो संग्रहातला नव्हताच.'

आता साहेब नाहीत.
नव्या बाई हुशार आहेत, खिळ्यांनाही नंबर देतात.
परवा भिंत रंगवायची म्हणून
रामकुंडाची चौकट जरा पुढे ओढली,
तर मागे दोरी नव्हती.
पितळी तार होती, खर्जाची,
हिरवी पडलेली, चित्राच्या वजनानं ताणलेली.
मी नखानं छेडली.

धड लागली नाही. खरखरली नुसती.
तरी सुकदेव जिन्यात थांबला,
किल्ली हातात तशीच.

बाई म्हणाल्या, ही बदलून टाकू.
मी म्हटलं, राहू द्या,
हिशोबात आहे ती.