साडेअकरा घरं

डॉक्टरीणबाईंनी पट्टीवरच्या बारीक चौकटी मोजल्या:
तेरा घरं.
मला वाटलं, आमच्या गल्लीबद्दल बोलताहेत.
सावद्यात आमच्या गल्लीतही तेराच घरं,
आणि तेराही दारांवरची बेल निघालीय
तेजल शाळेच्या घंटेला पडली त्या दिवसापासून.

शकूरमियाँचा बँड आमच्या वळणावर मुका होतो.
नवरदेव घोड्यावर, ढोलावर उलटा पंजा,
वीस पावलं वरात नुसत्या चपलांच्या आवाजात,
मग पिठाच्या गिरणीपासून पुन्हा धडाधड.
कुकर मी देऊन टाकला.
डाळ उघड्यावर शिजते, तासभर.
रेल्वेला मात्र कोण सांगणार?
पहाटेची मालगाडी निंभोऱ्याकडून भोंगा देत येते
तेव्हा मी आधीच उठून
पोरीच्या कानांवर हात ठेवून बसलेली असते.

माझा भाऊ नीळकंठ
गजर बंद करायला उठला, तो तिथंच.
घड्याळ वाजत राहिलं.
कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं तंबाखू.
आईनं घड्याळ विहिरीत टाकलं.
आता माझीही पट्टी काढली: बारा घरं.
म्हणजे ते माझ्यातून गेलं.
मी कधी पडले नाही.
का नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

गोळी नवी नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
जुनी आहे, दुसऱ्याच दुखण्याची,
खप नाही म्हणून दुकानांतून गेली.
मेडिकलवाल्या झोपेकाकांना नाव आठवलं:
"खालच्या फळीवर असायची. कुणी मागायचं नाही."

पुण्याला तेजलच्या रक्तातून
त्यांनी काचेच्या ताटलीत पेशी वाढवल्या,
आणि त्या धडधडू लागल्या.
मला मोबाइलवर दाखवलं, आवाज बंद करून.
मसुराएवढा ठिपका. आकसतो, सैलावतो.
मी विचारलं, त्याला भूक लागते का?
त्या हसल्या नाहीत.
दर दोन दिवसांनी पाणी बदलावं लागतं, म्हणाल्या.
त्याच्यावर एकेक जुनं औषध घालून पाहिलं,
फिटचं, जंताचं, तापाचं.
बऱ्याचशांनी काही झालं नाही,
एकानं ठिपका पार बिघडला,
हिनं सावरला.
ताटलीत.
ताटली म्हणजे पोरगी नव्हे,
हेही त्यांनीच सांगितलं, सही घेण्याआधी, दोनदा.

मग दोन डबे. पिवळ्या झाकणाचा, निळ्या झाकणाचा.
रोजची आधीची गोळी चालूच;
वरून दीड महिना हा, मध्ये पंधरा दिवस काही नाही,
दीड महिना तो.
एकात औषध, एकात नुसती पिठी.
कशात काय, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही.
आजारी लेकराला पिठी?
अमळनेरच्या अहिरे सिस्टर
तारा चिकटवता चिकटवता म्हणाल्या,
"मन लई लबाड शे व माय, त्याले कयू देवानं नई."

लबाडी मी केलीच.
दोन्ही गोळ्या जिभेवर ठेवून पाहिल्या.
दोन्ही कडू.
आणि दर वेळी पट्टी बाहेर आली की
साडीच्या पिनेनं घरं मोजली.
पिवळा डबा: तेरा.
निळा: साडेअकरा.
मोजू नका, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एका पोरीच्या घरांवरून गाव ठरत नाही.
अजून सतरा जण आहेत, धुळ्याचे, चोपड्याचे,
त्यांचं संपेपर्यंत पाकीट फुटणार नाही.

डबे परत गेले. उरलेल्या गोळ्यासुद्धा मोजून.
झोपेकाकांच्या खालच्या फळीवर
आता मच्छर अगरबत्ती आहे.

एक गोष्ट राहिली.
निळ्या डब्याच्या महिन्यात एका पहाटे
मला झोप लागून गेली.
भोंगा येऊन गेला असणार, मालगाडी काही चुकत नाही.
उठले तर ऊन अंथरुणावर,
तेजल कुशीवर, लाळ उशीवर,
आणि माझे दोन्ही हात माझ्याजवळच.

हा पुरावा नाही, मला कळतं.
त्यांच्या कागदात याला रकाना नाही.
तरी मी अहिरे सिस्टरला सांगितलं.
त्यांनी पेनचं टोपण दातानं काढलं
आणि समासात
काहीतरी लिहिलं.